फ्लिंडर्स पेट्री आणि खापरांवरून मांडलेली इजिप्तची कालगणना: काही प्रश्न

जिज्ञासू वाचक

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला एक सभासद एखाद्या संशोधकाविषयी तासभर बोलतो आणि पुढच्या महिन्याची पाळी माझी आहे. प्राचीन इजिप्त हा विषय घेतला तेव्हा तुतनखामून या राजाची कबर शोधणारे हॉवर्ड कार्टर यांच्यावर बोलायचे असे मी गृहीतच धरले होते. मात्र वाचन वाढत गेले तसे प्रत्येक ठिकाणी कार्टर यांच्या आधी विल्यम मॅथ्यू फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज पुरातत्त्वज्ञाचे नाव भेटू लागले, आणि आता मला कार्टर यांच्याऐवजी पेट्री यांच्याविषयीच बोलावेसे वाटते आहे. अडचण अशी की मराठीत त्यांच्याविषयी मला एखाद्या परिच्छेदापलीकडे काही सापडले नाही. जन्म ३ जून १८५३, इंग्लंडमधील चार्लटन. १८९२ ते १९३३ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इजिप्तविद्येचे प्राध्यापक. मृत्यू जुलै १९४२, जेरुसलेम. एवढी चौकट हाती आहे, आतले चित्र नाही.

मला पडलेले पहिले कोडे त्यांच्या शिक्षणाचे आहे. हे गृहस्थ लहानपणी शाळेतच गेले नाहीत असे वाचले. असा मनुष्य ब्रिटनमधील या विषयाच्या पहिल्याच अध्यासनावर कसा बसला? दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो, कारण मी तीस वर्षे गणित शिकवले आहे आणि तरीही मला त्याचे उत्तर लावता येत नाही. लेखनकलेच्याही आधीच्या शेकडो कबरी पेट्री यांनी केवळ मडक्यांवरून कालानुक्रमे लावल्या असे म्हणतात. एकाही कबरीचे साल ठाऊक नसताना क्रम लावायचा तो कसा? तिसरा मुद्दा नाजूक आहे. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांवर त्यांचा विश्वास होता असेही वाचनात आले. एका स्नेह्याने हा भाग व्याख्यानातून वगळावा असे सुचवले, पण तो वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्याच वेळी तो कसा मांडावा हेही कळत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

साखळी आणि दुर्बीण

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. माझे सारे आयुष्य भूमापनात गेले, त्यामुळे पेट्री मला प्रथम भेटले ते मोजणीदार म्हणून, आणि माझ्या मते त्यांच्या पुढच्या सर्व कामाचे मूळ तिथेच आहे.

प्रकृती नाजूक असल्याने त्यांचे शिक्षण घरीच झाले. आईचे वडील मॅथ्यू फ्लिंडर्स म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा तयार करणारे दर्यावर्दी. आई ॲन यांना खनिजे आणि जुनी नाणी यांची आवड होती आणि वडील विल्यम अभियंते होते. मोजणीची उपकरणे वापरायला मुलाला वडिलांनीच शिकवले. पेट्री यांनी स्वतः सांगितलेली एक आठवण आहे. ते आठ वर्षांचे असताना घरात मोठी माणसे वाइट बेटावर चाललेल्या एका रोमन वाड्याच्या खोदाईविषयी बोलत होती. ते वर्णन ऐकून हा मुलगा अस्वस्थ झाला आणि माती अशी फावड्याने उपसायची नसते, ती इंचाइंचाने तासत जायला हवी म्हणजे कोणती वस्तू कशी पडली आहे ते दिसेल, असे त्याचे म्हणणे पडले. विशीच्या सुरुवातीला त्यांनी दक्षिण इंग्लंडमधील प्राचीन मातीचे बांध आणि दगडी वर्तुळे पायी हिंडून मोजली. स्टोनहेंजचा त्यांनी केलेला नकाशा त्याच काळातला आहे.

पिरॅमिडकडे ते वळले ते एका चुकीच्या सिद्धान्तामुळे. स्कॉटलंडचे राज-ज्योतिर्विद चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी असे प्रतिपादन केले होते की गिझाचा मोठा पिरॅमिड ईश्वरी प्रेरणेने बांधला गेला असून त्याच्या मापांत वर्षाचे दिवसही दडलेले आहेत. त्यांच्या मते तळाची एक बाजू सुमारे ९,१४० इंच होती, आणि २५ इंचांहून किंचित मोठ्या अशा एका ‘पवित्र हाता’ने तिला भागले की ३६५.२४ हा आकडा मिळतो. पेट्री पितापुत्रांना ही कल्पना मोहवून गेली होती. ती पक्क्या मोजमापाने तपासून पाहावी म्हणून दोघांनी जायचे ठरवले, वडिलांचे जाणे लांबत राहिले, आणि अखेर १८८० च्या अखेरीस सत्तावीस वर्षांचा मुलगा एकटाच इजिप्तला निघाला.

गिझाला त्यांनी मुक्काम केला तो खडकात कोरलेल्या एका रिकाम्या कबरीत. सोबतीला अली गाब्री हे अनुभवी स्थानिक गृहस्थ होते, ज्यांनी पूर्वी स्मिथ यांच्याबरोबरही काम केले होते. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याची दुर्बीण, लावून पेट्री यांनी तिन्ही पिरॅमिडांभोवती त्रिकोणांचे जाळे विणले आणि तेच तेच कोन पुन्हा पुन्हा घेऊन चुकीचे प्रमाण किती राहते तेही नोंदवले. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनाच कळेल की उन्हातल्या तापलेल्या हवेत दूरचे चिन्ह दुर्बिणीत कसे थरथरते आणि एकेका कोनासाठी किती थांबावे लागते. दिवसा प्रवाशांचा त्रास असे, म्हणून पिरॅमिडच्या आतली मापे ते रात्री घेत.

खरा पेच तळाच्या बाजूचा होता. चारही कोपऱ्यांवर खडकात कोरलेले खळगे आहेत आणि पूर्वीच्या लोकांनी त्या खळग्यांच्या कडांपासून मोजले होते. पेट्री यांनी ढिगाऱ्यात खड्डे घेऊन बाहेरच्या आवरणाचे मूळ जागी बसलेले दगड शोधले आणि दाखवून दिले की खळगे फरसबंदीच्या पातळीखाली आहेत, उतार तिथपर्यंत खाली गेलेला असल्याने ते बाहेर सरकलेले दिसतात, आणि खरा तळ फरसबंदीच्या पातळीवरच धरायला हवा. त्या पातळीवर सरासरी बाजू निघाली ९,०६८.८ इंच, म्हणजे सुमारे २३०.३ मीटर. स्मिथ यांच्या आकड्याहून ती सहा फुटांनी कमी भरली आणि ३६५ दिवसांचे गणित तिथेच संपले. ज्या सिद्धान्ताच्या ओढीने ते घरून निघाले होते, तो त्यांनी स्वतःच्याच मोजणीने खोडला आणि १८८३ मध्ये रॉयल सोसायटीने दिलेल्या १०० पौंडांच्या साहाय्याने सर्व आकडे छापले. आवरणाच्या दगडांमधील सांधे सरासरी इंचाच्या पन्नासाव्या भागाएवढे, म्हणजे अर्धा मिलिमीटर आहेत, ही नोंदही त्यातलीच. व्याख्यानात वेळ कमी पडला तरी हा प्रसंग मात्र सांगावा, असा माझा आग्रह आहे.

आता प्राध्यापकपदाविषयी. इंग्रज लेखिका अमेलिया एडवर्ड्स यांनी १८७३-७४ च्या हिवाळ्यात नाईलमधून नौकाप्रवास केला, तेथील स्मारकांची नासधूस पाहून त्या परतल्या आणि १८८२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड ही संस्था उभी राहिली. या संस्थेसाठी पेट्री यांनी तानिस आणि नौक्रातिस येथे उत्खनन केले. पुढे खर्चाच्या पद्धतीवरून मतभेद होऊन ते बाहेर पडले, तरी एडवर्ड्सबाईंचा त्यांच्यावरील विश्वास ढळला नाही. १८९२ मध्ये बाई वारल्या तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात इजिप्तविद्येच्या अध्यासनासाठी रक्कम ठेवलेली होती आणि ती पेट्री यांना डोळ्यांसमोर ठेवूनच होती. युनिव्हर्सिटी कॉलेजची निवड त्यांनी केली, कारण तिथे स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी मिळू शकत असे. पदवी नसलेला प्राध्यापक नेमला गेला तो असा. तोवर त्यांच्या नावावर बारा वर्षांचे काम होते आणि दर वर्षीच्या उत्खननाचा अहवाल पुढच्या वर्षाच्या आत छापून काढण्याची शिस्त होती, जी त्या काळात फारच थोड्यांनी पाळली.

खापरखुणा

वरील प्रतिसाद वाचून आनंद झाला. गणिताच्या शिक्षकांना पडलेला दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून तो घेतो.

१८९४-९५ च्या हंगामात पेट्री आणि जेम्स क्विबेल यांनी वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तमध्ये नकादा व बल्लास येथे दोन हजारांहून अधिक कबरी उकलल्या. मृतदेह पाय पोटाशी घेऊन कुशीवर निजवलेले, सोबत मडकी, रंग उगाळण्याच्या दगडी पाट्या, हस्तिदंती वस्तू, परंतु इजिप्तची म्हणून ओळखीची एकही वस्तू नाही आणि लेखनाचे नावही नाही. पेट्री यांनी निष्कर्ष काढला की हे बाहेरून आलेले ‘नवे लोक’ असावेत आणि त्यांनी ‘जुन्या राज्या’च्या, म्हणजे पिरॅमिड बांधणाऱ्या राजांच्या सत्तेच्या, पडत्या काळात इथे वस्ती केली असावी. तो निष्कर्ष सपशेल चुकला. फ्रेंच संशोधक जाक द मॉर्गन यांनी दाखवले की हे लोक परके नाहीत, ते फेरोंच्याही, म्हणजे इजिप्तच्या राजांच्याही, आधीचे इजिप्तवासी आहेत. पेट्री यांना ते मान्य करायला थोडा काळ लागला. मान्य केल्यावर मात्र त्यांच्यापुढे नवाच प्रश्न उभा राहिला: राजांच्या नावांनी मोजता येत नाही असा हा लांबलचक काळ मोजायचा कशाने?

त्यांनी सुरुवात एका विशिष्ट प्रकारच्या मडक्यापासून केली. या मडक्यांच्या दोन्ही अंगांना लाटेसारखी वळणे असलेली पकड असते. काही मडकी गोल, फुगीर, आणि त्यांची पकड खरोखर हात घालून उचलण्याजोगी. काही त्यांहून सडपातळ, पकड बारीक. काहींवर पकड उरलीच नाही, नुसती नक्षीची लाट आहे, आणि शेवटच्या नळकांड्यासारख्या मडक्यांवर केवळ एक वळणदार रेघ. आतला ऐवजही बदलत जातो. आधीच्या मडक्यांत सुगंधी चरबी, नंतरच्यांत तिच्या जागी माती. पेट्री यांचा तर्क असा की उपयोगाची वस्तू हळूहळू निव्वळ रीत म्हणून उरते. उलट दिशेने, म्हणजे रेघेपासून सुरू होऊन पुढे कामाची पकड तयार होणे, संभवत नाही. शिवाय नळकांड्यांसारखी शेवटची मडकी पहिल्या राजवंशाच्या कबरींत सापडत होती, म्हणून रांगेचे कोणते टोक अलीकडचे हेही पक्के झाले. अशा रीतीने काळाची दिशा हाती आली.

पुढची पायरी खास आपल्यासाठी. ज्यांत पाच किंवा अधिक प्रकारची मडकी होती अशा सुमारे ९०० कबरी त्यांनी निवडल्या आणि प्रत्येक कबरीसाठी पुठ्ठ्याची एक अरुंद पट्टी केली. पट्टीवर रकाने आखून त्या कबरीत कोणकोणत्या प्रकारची मडकी आहेत ते लिहिले. मग त्या पट्ट्या एकाखाली एक मांडून ते वरखाली सरकवत राहिले. गृहीतक एकच होते: मडक्याचा कोणताही प्रकार एकदा सुरू होतो, लोकप्रिय होतो आणि मागे पडतो, तो अधूनमधून नाहीसा होऊन पुन्हा उगवत नाही. म्हणून पट्ट्या अशा लागल्या पाहिजेत की एकाच प्रकारच्या नोंदी शक्य तितक्या जवळ येतील. आपण मुलांना सारणीतल्या ओळींची अदलाबदल शिकवली असेल, तिचेच हे रूप आहे, आणि १९६० नंतर डेव्हिड केंडल यांच्यासारख्या गणितज्ञांनी पेट्री यांच्या या मांडणीचा गणिती प्रश्न म्हणून अभ्यास केला. पेट्री यांच्याजवळ मात्र पट्ट्या, टेबल आणि चिकाटी एवढेच होते.

क्रम लागल्यावर त्यांनी त्याचे ५१ टप्पे पाडले आणि त्यांना ३० ते ८० असे क्रमांक दिले. एकपासून सुरुवात केली नाही, कारण याहूनही जुने अवशेष पुढे सापडतील आणि त्यांच्यासाठी जागा मोकळी हवी, असा त्यांचा विचार होता. हे त्यांनी १८९९ मध्ये मांडले आणि १९०१ मध्ये सविस्तर छापले. १९२० च्या दशकात गाय ब्रंटन आणि गर्ट्रूड केटन-टॉम्प्सन यांनी बदारी येथील अधिक प्राचीन संस्कृती उजेडात आणली, तेव्हा तिला २१ ते २९ हे क्रमांक देता आले. ही जागा राखून ठेवण्याची समज मला संपूर्ण पद्धतीइतकीच मोलाची वाटते. १९५७ मध्ये वेर्नर कैझर यांनी या क्रमात दुरुस्त्या सुचवल्या. कबरी स्मशानभूमीत कोणत्या दिशेने पसरत गेल्या याचाही विचार करायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही ढाचा टिकून राहिला.

व्याख्यानात एक सावधगिरी घ्यावी. हे क्रमांक म्हणजे वर्षे नव्हेत आणि दोन टप्प्यांमधले अंतरही समान नाही. आधी काय आणि नंतर काय एवढेच ते सांगतात. वर्षांच्या बाबतीत पेट्री स्वतः खूप चुकले. पहिला राजवंश त्यांनी एके काळी इ.स.पू. ५००० च्याही मागे नेला, तर आज तो इ.स.पू. ३१०० च्या आसपास धरतात. क्रम बरोबर आणि वर्षे चूक, असा हा विलक्षण निकाल आहे, आणि जुन्या लाकूड-कापडाचे वय काढण्याची किरणोत्सारी कार्बनची पद्धत १९४९ मध्ये येईपर्यंत त्याची पुरती तपासणी होऊ शकत नव्हती.

खापरांविषयीची त्यांची दुसरी मोठी कामगिरी पॅलेस्टाइनमधली. १८९० च्या वसंतात टेल अल-हेसी येथे ते सहा आठवडे होते. ‘टेल’ म्हणजे आपण ज्याला पांढरीचे टेकाड म्हणतो ते, वस्तीवर वस्ती बसून उंच झालेले. ओढ्याने त्या टेकाडाची एक बाजू कापली होती आणि थर उघडे पडले होते. कोणत्या उंचीवर कोणती खापरे येतात ते त्यांनी नोंदले आणि त्यांतली इजिप्तमध्ये कालनिश्चिती झालेली खापरे ओळखून त्या त्या थराचा काळ ठरवला. पुढे मॉर्टिमर व्हीलर यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. थर क्वचितच सपाट असतात, म्हणून मातीचा थर न पाहता नुसती उंची नोंदणे धोक्याचे, हा त्यांचा आक्षेप योग्यच होता. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते, आणि डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी इंग्लंडमध्ये विद्यार्थी असताना मेडन कॅसल या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात त्यांच्या हाताखाली काम केले होते. जोर्वे आणि इनामगाव येथील तोटीच्या मडक्यांवरून आपल्याकडे ताम्रपाषाणयुगाचे टप्पे ओळखले जातात, तेव्हा खापर हेच पुरातत्त्वाचे घड्याळ मानण्याची जी दृष्टी कामाला येते, तिच्या आरंभाशी पेट्री आहेत.

नीलतीर

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून पेट्री एकटेच काम करत होते असा समज होऊ नये, म्हणून त्यांच्याभोवतीच्या माणसांविषयी लिहिते.

१८९३-९४ मध्ये कोप्तोस, म्हणजे आजचे कुफ्त, येथे काम करताना त्यांनी तेथील काही तरुण निवडून शिकवले. मातीच्या रंगातला फरक ओळखणे, कच्च्या विटेची भिंत आणि पडझडीचा चिखल वेगळे करणे, वस्तू न हलवता तिच्याभोवतीची माती काढणे, ही कौशल्ये त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली आणि ‘कुफ्ती’ हा शब्द इजिप्तमध्ये निष्णात उत्खननकर्त्यासाठी रूढ झाला. फय्यूमकडचे अली सुएफी हे त्यांचे सर्वांत विश्वासू सहकारी. पेट्री यांच्या लिखाणात त्यांच्याविषयीचा जिव्हाळा स्पष्ट दिसतो. पण अहवालांच्या मुखपृष्ठावर यांपैकी कोणाचेही नाव नाही. माझी विनंती आहे की आपण व्याख्यानात अली सुएफी हे नाव आवर्जून उच्चारावे.

पेट्री यांची मजुरीची एक पद्धतही सांगण्यासारखी आहे. सापडलेली छोटी वस्तू मजुराने लपवून व्यापाऱ्याला विकू नये म्हणून ते रोजच्या मजुरीशिवाय प्रत्येक वस्तूसाठी बाजारभावाएवढे बक्षीस देत. शब्दही हाच, ‘बक्शीश’. फारसीतून तो तिकडे गेला आणि आपल्याकडेही आला. १९०१ च्या सुमारास अबिदोस येथे पहिल्या राजवंशातील जेर राजाच्या कबरीत भिंतीच्या एका भोकात कापडाच्या गुंडाळीसह एक हात सापडला. त्यावर सोने, पिरोजा आणि लाजवर्द यांची चार कंकणे होती. कामगारांनी हात तसाच उचलून आणून दिला. पेट्री यांनी कंकणे सर्वांसमक्ष सोन्याच्या नाण्यांशी तोलली आणि तेवढ्या मोलाहून थोडी अधिकच रक्कम त्या माणसांना दिली. पुढे ही वस्तू कैरोच्या संग्रहालयात गेली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने कंकणे ठेवून घेतली आणि हात व कापड टाकून दिले. राजघराण्यातील व्यक्तीचा तो जवळपास पाच हजार वर्षांपूर्वीचा हात होता. पेट्री यांना या गोष्टीचे दुःख आयुष्यभर राहिले.

त्याच अबिदोसला १९०३ मध्ये हस्तिदंताची एक शिर नसलेली इवली मूर्ती सापडली. नावावरून ती खुफूची, म्हणजे मोठ्या पिरॅमिडच्या धन्याची, हे कळले. तुटलेली बाजू ताजी दिसत होती, म्हणून शिर जवळपासच्या मातीतच असणार हे ओळखून त्यांनी उपसलेली माती चाळायला लावली. तीन आठवड्यांनी ते शिर मिळाले. जेमतेम साडेसात सेंटिमीटरची ती मूर्ती खुफूचे नाव असलेली, त्याची निश्चितपणे ओळख पटलेली एकमेव संपूर्ण मूर्ती आहे.

पत्नी हिल्डा या उत्खननात बरोबरीच्या होत्या. वस्तूंची रेखाटने, कबरींतील लेखांच्या नकला, देणगीदारांना पत्रे, सारे त्या करत. आणि मार्गारेट मरे यांना विसरता येणार नाही. १८६३ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या मरे १८९४ मध्ये पेट्री यांच्या वर्गात दाखल झाल्या आणि काही वर्षांतच तिथे स्वतः शिकवू लागल्या. पेट्री दर हिवाळ्यात इजिप्तला जात आणि तेवढे महिने विभागाचे अध्यापन बहुतांशी मरे यांच्यावर असे. विद्यार्थ्यांना चित्रलिपी त्यांनीच शिकवली.

जिज्ञासू वाचक

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले की आभार मानायला शब्द अपुरे आहेत. पट्ट्यांची युक्ती वाचल्यावर मी घरी पोस्टकार्डांचे तुकडे करून बारा काल्पनिक कबरी लावून पाहिल्या, आणि क्रम जुळत आला तेव्हा झालेला आनंद वेगळाच होता. मात्र एक अडचण तिथेच लक्षात आली: नुसत्या जवळिकीने लावलेली रांग दोन्ही दिशांनी वाचता येते. लाटेच्या पकडीचा तर्क नेमका कशासाठी लागतो, ते आता समजले. तिसऱ्या प्रश्नाची मी अजून वाट पाहतो आहे.

दूरचा किनारा

तो प्रश्न सर्वांनी टाळलेला दिसला, म्हणून मी लिहितो. आपण तो भाग वगळू नये, या मताचा मी आहे.

पेट्री हे फ्रान्सिस गाल्टन यांच्या संपर्कात होते. माणसांची बुद्धी आणि कर्तृत्व अनुवंशाने ठरते आणि चांगल्या वाणाच्या लोकांची संतती वाढवावी, इतरांची रोखावी, असा विचार मांडणारे ते गाल्टन. इजिप्तच्या भिंतींवर कोरलेल्या परकीयांच्या मुखाकृतींची छायाचित्रे पेट्री यांनी १८८६-८७ मध्ये घेतली ती वंशभेदांच्या अभ्यासासाठीच, आणि नकादाच्या कवट्या मोजणीसाठी लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्याकडे गेल्या. १९०७ मध्ये त्यांनी समाजाविषयी एक पुस्तक लिहिले, त्यात ही मते उघडपणे आहेत. त्यांना केवळ ‘काळाची मर्यादा’ म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही, कारण त्याच काळात या मतांचे विरोधकही होते.

शिवाय या मतांनी त्यांचे शास्त्रही बिघडवले, आणि व्याख्यानासाठी हाच धागा उपयोगी पडेल. संस्कृतीत बदल दिसला की नवा वंश आला असला पाहिजे, असे ते धरून चालत. नकादाचे ‘नवे लोक’ ही वर सांगितलेली चूक याच सवयीतून झाली. पुढे फेरोंची राजसत्ताही बाहेरून आलेल्या एका ‘राजवंशी’ जमातीने आणली, असे ते मानत राहिले. आज हा सिद्धान्त कोणी स्वीकारत नाही. नाईलच्या खोऱ्यातील लोकांनीच ती सत्ता टप्प्याटप्प्याने उभी केली असे पुरावा सांगतो, आणि हा सलग विकास दाखवणारा क्रम खुद्द पेट्री यांच्या पट्ट्यांनी लावून दिलेला आहे. त्यांच्या मडक्यांनी जे सांगितले ते त्यांनी पूर्णपणे ऐकले नाही.

वस्तूंच्या वाटपाचा मुद्दाही यालाच जोडून येतो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सापडलेल्या वस्तूंपैकी काही भाग कैरोला राही आणि उरलेला उत्खनन करणाऱ्याला मिळे. पैसे देणाऱ्या संग्रहालयांना पेट्री तो वाटून देत. त्यामुळे एकाच कबरीतील वस्तू अनेक देशांत विखुरल्या. १९२२ नंतर, तुतनखामूनच्या शोधानंतर, इजिप्त सरकारने हे नियम कडक केले आणि १९२६ पासून पेट्री पॅलेस्टाइनमध्ये, गाझाच्या परिसरात, काम करू लागले. इजिप्तच्या दृष्टीने ते सरकार योग्यच वागत होते.

अखेरची वर्षे त्यांनी जेरुसलेमला काढली. २८ जुलै १९४२ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. देह झायन टेकडीवरील दफनभूमीत आहे. डोके मात्र त्यांच्या इच्छेनुसार अभ्यासासाठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सला देण्यात आले. ज्याने इतरांच्या कवट्या मोजायला पाठवल्या, त्याने स्वतःचीही दिली. माझ्या मनात यामुळे त्यांच्या मतांविषयीचा आक्षेप कमी होत नाही, तरी हा मनुष्य आपल्या समजुतींशी किती एकनिष्ठ होता, ते मात्र कळते.

नीलतीर

‘दूरचा किनारा’ यांच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. एक भर घालते. मी लंडनमध्ये राहते आणि युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आवारातील पेट्री संग्रहालयात अनेकदा गेले आहे. प्रवेश विनामूल्य आहे. पेट्री यांचा संग्रह कॉलेजने १९१३ मध्ये विकत घेतला आणि आज तिथे सुमारे ८०,००० वस्तू आहेत. सोने शोधायला गेलात तर निराशा होईल. कपाटांमागून कपाटे मडकी, मणी, वजने, चपला, उंदीर पकडण्याचा मातीचा सापळा. मडक्यांवर शाईने लिहिलेले बारीक कबर-क्रमांक अजून वाचता येतात.

तिथली एक वस्तू आपल्या व्याख्यानात घ्यावी असे सुचवते. १९१३ च्या सुमारास कैरोच्या दक्षिणेला तारखान येथील एका कबरीत मळकट तागाच्या चिंध्यांचा ढीग मिळाला. दुसऱ्या कोणी तो मातीबरोबर टाकला असता. पेट्री यांनी तो बांधून लंडनला नेला. १९७७ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वस्त्रजतन करणाऱ्यांनी ते गाठोडे सोडवले तेव्हा आत बारीक चुण्यांचा, बाह्यांचा एक अंगरखा निघाला. २०१५ मध्ये त्याची कार्बन-तपासणी झाली आणि तो इ.स.पू. ३४८२ ते ३१०२ या काळातला ठरला. विणलेला इतका जुना अंगरखा जगात दुसरा ज्ञात नाही. कोपरांशी आणि काखेत त्याला सुरकुत्या आहेत, म्हणजे तो कबरीसाठी शिवलेला नव्हता, कोणीतरी तो अंगात घालत असे. काढताना तो डोक्यावरून ओढून उलटा केला गेला, आणि सापडला तेव्हाही तो तसाच उलटा होता.